विजेच्या लाटेचें मोजमाप

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नांदगांव पेठ हें गांव लागतें. भोंवतालचा सारा मुलूख कापसाचा व तुरीचा. पण या गांवच्या औद्योगिक वसाहतींत आतां औष्णिक वीजकेंद्राचीं उंच धुराडीं उभीं आहेत. तेथें प्रत्येकीं २७० मेगावॅटचे ५ संच असून त्यांची एकूण शक्ति १,३५० मेगावॅट भरते. २०१३ ते २०१५ या काळांत हे संच एकामागून एक सुरू झाले. कोळशाच्या उष्णतेनें पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोरानें चक्र फिरतें आणि चक्राबरोबर जनित्र फिरतें, हा क्रम बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु चक्र फिरूं लागलें म्हणजे वीज लोकांच्या घरीं पोंचली, असें मात्र होत नाहीं. या दोहोंच्या मध्यें एक अवघड क्षण असतो. फिरत्या जनित्राची जोडणी देशाच्या वीजजाळ्याशीं करावयाची असते. आणि तें जाळें तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत अगोदरच एका तालांत चालत असतें.

चालत्या दिंडीत मागाहून शिरणाऱ्या टाळकऱ्यास जी काळजी घ्यावी लागते, तीच या यंत्रास घ्यावी लागते. त्याचा विद्युद्दाब जाळ्याच्या दाबाइतका हवा. दर सेकंदास होणारीं त्याचीं आवर्तनें जाळ्याच्या आवर्तनांइतकींच हवींत. आणि दोहोंच्या लाटा एकाच क्षणीं शिखरावर आल्या पाहिजेत. या तिसऱ्या गोष्टीस कला जुळणें असें म्हणतात. चंद्राच्या कलेवरून तिथि ओळखावी, तसें लाटेच्या कलेवरून ती आपल्या फेऱ्यांत कोठवर आली आहे हें ओळखावयाचें. कला न जुळतां खटका बसला, तर देशभरचें जाळें त्या एकट्या यंत्रास एका हिसक्यासरशीं आपल्या तालावर ओढतें, आणि मिनिटास ३,००० फेरे घेणारा त्याचा पोलादी आंस पिळवटून निघतो.

म्हणजे सारें कांहीं मोजमापावर येऊन ठेपतें. पण जो दाब एका सेकंदांत शंभर वेळां दिशा बदलतो, तो मोजावा कसा? या प्रश्नाचा इतिहास सुमारें एकशें चाळीस वर्षांचा आहे, आणि त्याच्या अलीकडच्या प्रकरणांत ग्वाल्हेरांत जन्मलेल्या एका इंजिनिअराचें नांव ठळकपणें येतें.

बॅटरीचा दाब मोजणें सोपें आहे. तो स्थिर असतो. सुई एका आंकड्यावर जाऊन उभी राहते. घरांत येणाऱ्या विजेचें तसें नाहीं. तिचा दाब शून्यापासून चढत जातो, शिखर गांठतो, उतरतो, शून्याच्या खालीं तितकाच खोल जातो आणि पुन्हां वर येतो. हें एक आवर्तन एका सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शांत पुरें होतें; म्हणून या विजेची आवर्तनसंख्या ५० हर्ट्झ आहे असें म्हणतात. बॅटरीकरितां केलेलें सुईचें साधें यंत्र अशा विजेस जोडलें, तर अर्धी लाट सुईस उजवीकडे ढकलते आणि उरलेली अर्धी डावीकडे. बिचारी सुई शून्यापाशीं थरथरत राहते. सरासरी काढावी, तर तीहि शून्यच. पण त्याच तारेस हात लागला तर मनुष्याचा प्राण जातो. तेव्हां ही सरासरी कामाची नाहीं, हें सांगावयास नको.

पहिल्या पिढीच्या इंजिनिअरांनीं यावर जो उपाय शोधला, तो उष्णतेचा. वीज उजवीकडे वाहो वा डावीकडे, तार तापते ती तापतेच. १८८० नंतरच्या दशकांत इंग्लिश सैन्यांतील इंजिनिअर फिलिप कार्ड्यू यानें याच तत्त्वावर व्होल्टमीटर केला. वीज जातांच त्यांतील लांब, बारीक तार तापून लांबे आणि त्या लांबण्यानें सुई फिरे. जितक्या स्थिर दाबानें तीच तार तितकीच तापेल, तितका त्या उलटसुलट दाबाचा परिणामी दाब धरावयाचा, असा हा हिशेब होता, आणि तो आजहि चालूं आहे. घरच्या विजेचा दाब २३० व्होल्ट म्हणतात तो हाच. त्या लाटेचें शिखर प्रत्यक्षांत सुमारें ३२५ व्होल्टांपर्यंत जातें. पण तापविण्याचें काम ती २३० व्होल्टांच्या स्थिर दाबाइतकेंच करते.

ही रीत पुढें फार सूक्ष्म झाली. १९५२ सालीं अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेंतील एफ. एल. हर्मॅक यानें तापणारी बारीक तार आणि तिच्या उष्णतेवर लहानसा स्थिर दाब निर्माण करणारें थर्मोकपल, अशी जोडी करून उलटसुलट दाबाची स्थिर दाबाशीं तुलना कशी करावी हें पद्धतशीर मांडलें. जगांतील मोठमोठ्या प्रयोगशाळांनीं हींच साधनें प्रमाण म्हणून ठेवलीं.

तरी उष्णतेच्या या साक्षींत दोन उणिवा होत्या. पहिली मंद लाटेची. लाट जलद असेल, तर तारेस मधल्या मध्यें थंड होण्यास सवड मिळत नाहीं आणि उष्णता एकसारखी राहते. पण आवर्तनें सेकंदास दहावीसवर किंवा त्याहूनहि खालीं आलीं, म्हणजे तार लाटेबरोबर तापूं-निवूं लागते, आणि स्थिर राहावयाचा आंकडा पाळण्यासारखा झुलूं लागतो. दुसरी उणीव याहून खोल होती. उष्णतेला जशी दिशा कळत नाहीं, तसा क्षणहि कळत नाहीं. दाब किती, हें ती सांगते. लाट शिखरावर केव्हां आली, हें ती सांगूं शकत नाहीं. आणि नांदगांव पेठच्या जनित्रास तर किती आणि केव्हां या दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच वेळीं पाहिजे असतें.

दुसरा मार्ग अगदीं साधा दिसणारा आहे. नदीस पूर आला असतां काठावर रोंवलेल्या खुणेच्या खांबाकडे पाहून दर घटकेस पाण्याची उंची लिहून ठेवावी. पूर ओसरल्यावर त्या आंकड्यांवरून तो कसा चढला, कधीं टोंकास पोंचला आणि कसा उतरला, याचें चित्र घरीं बसून काढतां येतें. विजेच्या लाटेचेंहि तसेंच करावयाचें. ठराविक अंतरानें तिच्या दाबाचे क्षणिक नमुने घ्यावयाचे, प्रत्येकाचा आंकडा करावयाचा, आणि पुढचें सारें काम गणितावर सोपवावयाचें.

पण नमुने किती दाट घ्यावेत? चित्रपटांत धांवत्या टांग्याचें चाक कधीं कधीं उलटें फिरतांना दिसतें. चाक वेगानें फिरतें आणि कॅमेरा विरळ चित्रें घेतो, त्यामुळें डोळ्यांस हा भ्रम होतो. विजेचे नमुने विरळ घेतले, तर गणितासहि असाच भ्रम होतो. अमेरिकेंत हॅरी नायक्विस्ट यानें १९२८ सालीं, रशियांत कोतेल्निकोव्ह यानें १९३३ सालीं आणि पुन्हां अमेरिकेंत क्लॉड शॅनन यानें १९४९ सालीं या विषयाचें गणित मांडलें. त्याचें सार असें कीं, लाटेंत जी सर्वांत जलद आवर्तनें असतील, त्यांच्या दुपटीहून अधिक वेळां नमुने घेतले, तर मधलें कांहींहि न हरवतां मूळ लाट परत उभी करतां येते.

तत्त्व हातीं आलें, तरी हत्यार यावयास वेळ लागला. १९५२ सालीं कॅलिफोर्नियांत अँड्र्यू के याच्या नॉन-लिनिअर सिस्टिम्स या कंपनीनें सुईऐवजीं आंकडे दाखविणारा व्होल्टमीटर बाजारांत आणला. त्यानंतर दाबाचा आंकडा करणारीं मंडलें दशकागणिक जलद, अचूक व स्वस्त होत गेलीं. नमुन्यांवरून परिणामी दाब काढण्याचें गणित शाळेंतील मुलासहि जमेल असें आहे. प्रत्येक नमुन्याचा वर्ग करावा, वर्गांची सरासरी घ्यावी आणि तिचें वर्गमूळ काढावें. सावधगिरी मात्र एक हवी. नमुने पुऱ्या आवर्तनांचे हवेत. महिन्याचा जमाखर्च मांडतांना दोन दिवस गाळले किंवा जास्त धरले, तर ताळा चुकतो. तसें अर्धेंमुर्धें आवर्तन हिशेबांत शिरलें, कीं उत्तर बिघडतें.

ही सावधगिरी घेतली, म्हणजे मंद लाटेच्या बाबतींत नमुन्यांची रीत उष्णतेच्या रीतीस मागें टाकते; कारण लाट जितकी मंद, तितका प्रत्येक नमुना निवांतपणें व नेमका घेतां येतो. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें १९८९ सालीं काढलेल्या ३४५८ए या यंत्राचें उदाहरण प्रसिद्ध आहे. तें मुळांत स्थिर दाब अत्यंत अचूक मोजण्याकरितां होतें. पण त्याच कंपनींतील रॉन स्वरलाइन यानें त्याच्या स्थिर दाबाच्या मार्गानेंच मंद लाटेचे नमुने घेण्याची व त्यांतील बारीकसारीक चुका हिशेबानें वजा करण्याची पद्धत बसविली, आणि दहा लाखांत सुमारें दहा भाग इतक्या अचूकतेनें लाटेचा दाब मोजून दाखविला. पुढें ब्रायन जोसेफसन यानें १९६२ सालीं भाकीत केलेल्या क्वांटम परिणामाचा आधार नमुन्यांस मिळाला, आणि ज्ञात दाबाच्या पायऱ्यांशीं लाटेची क्षणाक्षणाला तुलना करणें शक्य झालें. प्रयोगशाळेची ही रीत कमी अचूकतेनें कां होईना, आज घराघरांत पोंचली आहे. भिंतीवरचा इलेक्ट्रॉनिक मीटर दाबाचे व प्रवाहाचे नमुने घेतो, त्यांचा गुणाकार करतो आणि त्यावरून बिलाचे युनिट मोजतो.

येथवर नमुन्यांचा उपयोग झाला तो किती हें सांगण्याकडे. केव्हां हें सांगण्याचें त्यांचें सामर्थ्य वीजजाळ्याच्या कामीं लावलें, तें प्रामुख्यानें अरुण फडके यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं. फडके यांचा जन्म १९३८ सालीं ग्वाल्हेर येथें झाला. शिंद्यांच्या या राजधानींत मराठी कुटुंबें पिढ्यान्पिढ्या नांदत आलीं आहेत. खरगपूरच्या आय.आय.टी. मधून १९५९ सालीं पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले; विस्कॉन्सिन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनीं १९६४ सालीं मिळविली आणि १९६९ सालीं अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या मोठ्या वीजकंपनींत ते दाखल झाले.

तेथें त्यांच्यापुढें प्रश्न होता तो वीजवाहिन्यांच्या राखणदारीचा. मोठ्या वाहिनीच्या टोंकास रिले नांवाचें राखणदार यंत्र बसविलेलें असतें. वाहिनीवर कोठें तार तुटली, झाड पडलें किंवा दोन तारा एकमेकींस भिडल्या, तर दाब उतरतो आणि प्रवाह वाढतो. दाबास प्रवाहानें भागलें, कीं बिघाड किती अंतरावर आहे याचा अंदाज येतो, आणि तो आपल्या हद्दींत असल्यास रिले क्षणार्धांत वाहिनी तोडतो. हेंच काम काँप्युटरकडून नमुने घेऊन करवावें, असा प्रयत्न चालूं होता. अडचण अशी कीं, तीन तारांपैकीं कोणती जमिनीस लागली किंवा कोणत्या दोन परस्परांस भिडल्या, याचीं सहा निरनिराळीं समीकरणें दर नमुन्यास सोडवावीं लागत, आणि त्या काळच्या लहान काँप्युटरांस तेवढा वेग नव्हता. चार्ल्स फोर्टेस्क्यू यानें १९१८ सालीं तिन्ही तारांच्या दाबांची सममित घटकांत विभागणी करण्याची रीत सांगितली होती. फडके व त्यांचे सहकारी यांनीं तिचा आधार घेऊन त्या सहांच्या जागीं एकच समीकरण आणलें. १९७७ सालीं हें काम प्रसिद्ध झालें.

रिले तर झालाच. पण वाटेंत हातीं लागलें तें त्याहून मोलाचें होतें. एका आवर्तनांत १२ नमुने घ्यावेत आणि ठराविक गुणकांनीं त्यांस गुणून बेरीज करावी, म्हणजे कागदावर एक बाण काढतां येतो. बाणाची लांबी म्हणजे दाब; त्याचें तोंड ज्या दिशेस, ती त्याची कला. या बाणास इंजिनिअर फेजर म्हणतात. जाळ्याचीं आवर्तनें अगदीं ठरल्याप्रमाणें चाललीं असतील, तर दर वेळीं बाण त्याच दिशेस राहतो. तीं किंचित् कमीजास्त झालीं, कीं नमुने पुऱ्या आवर्तनाचे राहत नाहींत आणि बाण हळूहळू फिरूं लागतो. अचूक मापाच्या शोधांत असलेल्यास ही चूक वाटेल. फडके, जेम्स थॉर्प आणि मार्क ॲडमियाक यांनीं १९८३ सालच्या लेखांत दाखवून दिलें कीं, बाण ज्या वेगानें फिरतो तोच जाळ्याची आवर्तनसंख्या किती ढळली याचा बरोबर हिशेब आहे. बाण सेकंदास एक फेरा घेत असेल, तर आवर्तनसंख्या एका हर्ट्झानें ढळलेली असते. ज्यास चूक म्हणून वजा करावयाचें, तेंच त्यांनीं माप म्हणून वाचलें.

आतां एक गोष्ट उरली. दोन गांवच्या बाणांची तुलना करावयाची, तर दोन्ही ठिकाणचे नमुने एकाच क्षणाचे पाहिजेत. पूर्वीं लग्नमुहूर्तास घटिकापात्र ठेवीत, कारण वराकडची घटका आणि वधूकडची घटका निरनिराळी असून चालत नसे. विजेच्या मुहूर्ताची घटका मात्र फारच लहान. ५० हर्ट्झच्या लाटेंत कलेचा एक अंश म्हणजे एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकीं सुमारें ५६ भाग. शेंकडों मैलांवरच्या घड्याळांत इतकी एकवाक्यता राखणें एके काळीं अशक्यच होतें. अमेरिकेचे जी.पी.एस. उपग्रह आकाशांत गेले आणि त्यांच्या संकेतांवरून दहा लाखांश सेकंदापर्यंतची वेळ कोठेंहि मिळूं लागली, तेव्हां ही अडचण सरली. फडके १९८२ सालीं व्हर्जिनिया टेक या विद्यापीठांत गेले होते. तेथेंच १९८८ च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेंत पहिला फेजर-मापक तयार झाला, आणि १९९१ सालीं मॅक्रोडाइन या कंपनीनें त्यास व्यापारी रूप दिलें. या कार्याबद्दल २००८ सालीं फडके व थॉर्प यांस बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालें.

अशा मापाची गरज किती मोठी आहे, हें भारतास २०१२ सालीं कळलें, आणि योगायोगानें त्या घटनेच्या आरंभीं फडके यांच्या जन्मगांवाचेंच नांव आलें. ३० जुलैच्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनीं बीना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टांची वाहिनी तुटली. तार पडली नव्हती, वीज कोसळली नव्हती, बिघाड कोठेंच नव्हता. उत्तरेकडे ओढल्या जाणाऱ्या भारामुळें प्रवाह फार वाढला होता आणि दाब उतरला होता. राखणदार रिलेनें दाब मोजला, प्रवाह मोजला, भागाकार केला, आणि दूर कोठें तरी बिघाड झाल्याचा निष्कर्ष काढून वाहिनी तोडली. त्याचे आंकडे खोटे नव्हते. खोटा होता तो त्यांवरून काढलेला अर्थ. आपल्या टोंकापलीकडे काय चाललें आहे, हें कळण्याचें साधनच त्याजवळ नव्हतें. ती वाहिनी जातांच भार इतर वाहिन्यांवर पडला, त्याहि एकामागून एक गेल्या, आणि उत्तर भारत काळोखांत बुडाला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं पुन्हां तसेंच घडलें. या वेळीं उत्तर, पूर्व व ईशान्य हे तिन्ही विभाग कोसळले. सुमारें ६० कोटी लोकवस्तीच्या प्रदेशांत आगगाड्या जागच्या जागीं थांबल्या, पाण्याचे पंप बंद पडले.

पश्चिम विभाग, आणि त्यांत महाराष्ट्र, दोन्ही दिवस तगला. तो वेळींच इतरांपासून अलग झाला आणि वाढलेल्या आवर्तनसंख्येमुळें त्यांतील कांहीं जनित्रें आपोआप बंद झालीं, म्हणून त्याचा तोल राहिला. अमरावती-अकोल्याचे दिवे जळत राहिले, ते कोणी सारें जाळें डोळ्यांखालीं ठेवून सांभाळले म्हणून नव्हे. चौकशी समितीनें पहिल्या दिवसाचा मागोवा घेतला, तेव्हां कोसळण्यापूर्वीं आवर्तनसंख्या ४९.६८ हर्ट्झ असल्याचें नमूद झालें. फेजराच्या भाषेंत सांगावयाचें, तर बाण सेकंदास सुमारें ११५ अंशांनीं मागें सरकत होता. कोणती वाहिनी आधीं गेली आणि कोणती नंतर, हा क्रम लावणें हें अशा चौकशीचें मुख्य काम असतें. आणि निरनिराळ्या केंद्रांच्या नोंदींचीं घड्याळें जुळत नसतील, तर तो क्रम लावतांच येत नाहीं. त्या वेळीं देशांत थोडेच फेजर-मापक बसले होते. तरी त्यांच्या नोंदी तपासांत फार उपयोगी पडल्या. समितीनें हीं यंत्रें सर्वत्र बसविण्याचा आग्रह धरला, आणि पुढील वर्षांत पॉवरग्रिड या सरकारी कंपनीनें तें काम देशव्यापी योजना म्हणून हातीं घेतलें.

दरम्यान जाळें अधिकच मोठें झालें. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टांची वाहिनी चालूं झाली आणि दक्षिण भारतहि त्याच तालांत सामील झाला. तेव्हांपासून नांदगांव पेठचें जनित्र, पंजाबांतील नळकूप आणि तामिळनाडूंतील गिरणी यांची लाट एकच झाली आहे. एकीचा लाभ असा कीं, एका प्रांतास तूट पडली, तर दुसरा ती भरून काढतो. धोका असा कीं, एकाचा तोल गेला, तर तो हिसका सर्वांस बसतो. म्हणून प्रत्येक ठिकाणचा दाब अचूक असून भागत नाहीं. तो कोणत्या क्षणाचा, हेंहि सांगावें लागतें.

कार्ड्यूच्या तापलेल्या तारेपाशीं उभें राहून सुई वाचणाऱ्यास आपल्या समोरची वीज तेवढी दिसे. आज एखाद्या उपकेंद्रांतील लहानशी पेटी दर सेकंदास शेंकडों नमुने घेते, प्रत्येकावर उपग्रहाच्या घड्याळाची वेळ नोंदते आणि दूरच्या नियंत्रण केंद्राकडे धाडते. तेथील पडद्यावर वऱ्हाडचा बाण आणि पंजाबचा बाण शेजारीं शेजारीं दिसतात. त्यांच्यामधील कोन वाढूं लागला, म्हणजे मधल्या वाहिन्यांवर ताण चढत आहे, हें दिवे मालवण्यापूर्वींच कळूं शकतें. त्या पडद्याकडे पाहून वेळींच निर्णय घेण्याचें काम अजून माणसाकडेच आहे. घरांत दिवा लावणाऱ्यास यांपैकीं कशाचाहि पत्ता नसतो, आणि तसा तो नसावा यासाठींच हा सारा खटाटोप आहे.